पळसाच्या पानावरचे आठ थेंब

सिंदेवाही
१४ सप्टेंबर

मिथुन,

ज्या मोठ्या बहिणीला बाई म्हणतोस तिचाच नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. चैतूची गाडी दर आठवड्याला मजूर घेऊन हैदराबादला जाते आणि तुझ्या बांधकामाच्या गेटवरच थांबते, हे बहुतेक तुझ्या ध्यानात आलं नाही. फाडलंस तर चैतू मला सांगेल आणि मी दुसरं लिहीन. दिवसभर मशीनवर ब्लाऊज शिवून माझे हात काही थकत नाहीत.

आधी तुझ्या पोरीचं सांगते, कारण तू विचारलेलं नाहीस. मयुरी बरी आहे. डोळे उघडते, दूध ओढते, आवाजाकडे मान वळवते. डिंपल तिला घेऊन मार्कंड्याला माहेरी आहे. तू बायकोला दवाखान्यातून परस्पर माहेरी धाडलंस आणि तिसऱ्या दिवशी सेंट्रिंगच्या कामावर निघून गेलास. घरी एक शब्द बोलला नाहीस. मोठा कामाचा माणूस झालास.

पण मंगळवारी मयुरीला पुन्हा झटका आला. हात-पाय ताठ, डोळे वर, ओठ निळे. डिंपलच्या भावानं मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी मशीनवरचं कापड तसंच टाकून निघाले. मी पोचले तेव्हा पोरगी शांत झोपली होती आणि डिंपल भिंतीकडे तोंड करून बसली होती. डॉक्टर मॅडमनी विचारलं, झटक्याचं औषध किती देता? मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "पाच थेंब देत होती जी, मॅडम. आठ टाकाले हात होत नाई."

आठ का, हे तुला माहीत आहे? नसेल. औषध सुरू झालं त्या दिवशी तू बाहेर तंबाखूचा खर्रा खात उभा होतास. मॅडमनी मला कागदावर मांडून दाखवलं. पोरीचं वजन चार किलो. तिला दर किलोमागे दहा मिलिग्राम, म्हणजे चाळीस. ह्या बाटलीत एका एमएलमध्ये शंभर मिलिग्राम औषध आहे, म्हणजे पोरीला अर्ध्या एमएलपेक्षा थोडं कमी, पॉइंट चार. आणि ह्या बाटलीच्या ड्रॉपरचे वीस थेंब मिळून एक एमएल होतं. म्हणून आठ. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. जास्त झाले तर पोरगी गुंगीत जाते, कमी पडले तर झटका येतो. एवढीशी जागा आहे दोन्हींच्या मधे, आणि त्या जागेत तुझ्या बायकोला रोज दोनदा उभं राहावं लागतं.

ती भ्याली ती औषधाला नाही. गेल्या खेपेला पोरगी दोन दिवस गुंगीत पडली होती, तेव्हा तू दवाखान्याच्या वऱ्हांड्यात वीस माणसांसमोर काय बोललास? "हिले मोजताच येत नाई. बारावी पास म्हणून आणली अन् माही पोरगी मारून राह्यली." हे तू बोललास. मी शेजारी उभी होते. माझ्या जिवाचं पाणी झालं होतं म्हणून मी तेव्हा तुला थोबाडीत दिली नाही. ती द्यायची राहून गेली आहे, एवढं लक्षात ठेव.

आता औषध देताना सहावा थेंब पडायच्या आधीच ती थांबते. दवाखान्यात कोणी सिस्टर सहज जरी म्हणाली, "डोस जास्त झाला होता ती हीच का?" तरी ती मान खाली घालते.

मॅडमनी त्या दिवशी तुला विचारलं होतं की ड्रॉपर कुठे आहे. तू म्हणालास, हिनं हरवला. मी आता पुन्हा विचारते. ड्रॉपर कुठे आहे?

साधना


सिंदेवाही
२३ सप्टेंबर

मिथुन,

चैतू म्हणाला, तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि त्याला चहा पाजलास. उत्तर नाही. चहा पाजायला वेळ आहे म्हणजे हात मोडलेला नाही.

मी परवा गावी जाऊन आले. माय घरात एकटी होती, बाबा तलावावर. मी मायला म्हटलं, पोरीला औषध कसं पाजत होते ते मला करून दाखव.

ती म्हणाली, "कसं म्हंजे? पानावरून. तुमी समदे पानावरूनच वाढले. तुले काय म्या मोजून पाजलं होतं?"

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. दात येईस्तोवर बाळाच्या तोंडात रबर-प्लास्टिक जाऊ द्यायचं नाही, घुटी पळसाच्या पानाची सुरळी करून तिच्या टोकावरून सोडायची, आणि पान तोडून आणायचं बापानं. डिंपल लग्न होऊन आली तेव्हा तिनं हे सगळं हसत मान्य केलं. औषधाच्या वेळी मात्र ती अडून बसली. म्हणाली, घुटी पानावरून द्या, औषध ड्रॉपरनंच जाईल. माय तेव्हा चार दिवस तिच्याशी बोलली नाही, तरी ती हटली नाही. मग एक दिवस ड्रॉपर घरातून नाहीसा झाला आणि मायला तिची रीत परत मिळाली. औषध तर चुकवता येत नव्हतं. डिंपलनं मुकाट्यानं पान हातात घेतलं आणि आठ थेंब मोजले. पान रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून, बांधावरून कोण आणत होतं, मिथुन? तूच ना?

तर ऐक. जुन्या बाटलीत तळाशी थोडं औषध उरलं होतं. नवीन बाटलीचा ड्रॉपर आणि मॅडमनी दिलेली रेघांची बिनसुईची सिरिंज मी बरोबर नेली होती. आधी ड्रॉपरनं वीस थेंब चमच्यात टाकले आणि सिरिंजमध्ये ओढून घेतले. बरोबर एकच्या रेघेवर आले. मग तेच औषध सुरळीत ओतलं. माय स्वतः म्हणाली, मी धरते, तुला यायचं नाही. तिनं धरलं, मी मोजलं. दहाच थेंब झाले आणि पान रिकामं. माझा विश्वास बसेना. मायला म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा दहा.

पानाचं टोक रुंद. थेंब तिथे लोंबतो, भरत जातो, आणि जड झाल्यावर सुटतो. ड्रॉपरच्या बारीक तोंडातून तो लगेच सुटतो. ब्लाऊज शिवणारी बाई आहे मी, गिऱ्हाइकानं वितीनं माप आणलं तर परत पाठवते, कारण तिची वीत आणि माझी वीत वेगळी. पण थेंबाचं तसं असेल हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. मायच्याही नाही, डिंपलच्याही नाही, तुझ्याही नाही. ड्रॉपर हरवला एवढंच ऐकून मॅडमनी नवी बाटली दिली, पानाचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, नाहीतर त्यांनी तेव्हाच ओळखलं असतं.

म्हणजे डिंपलनं आठ मोजले तेव्हा आठच पडले. पण ते पानाचे आठ होते. चाळीसच्या जागी ऐंशी गेले पोरीच्या पोटात, रोज दोन वेळा, आठवडाभर. बाटली निम्म्या दिवसांत संपत आली होती, तेही कुणाला खटकलं नाही.

मायनं रिकामं पान पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पानानं कोणाचं वाईट होत नाई." मी सिरिंज धुवून पिशवीत ठेवली. तेव्हा तीच म्हणाली, "तो ड्रॉपर घरात असता तं म्या पान कायले पुढं केलं असतं? ते पोरगी तं माह्याशी भांडून ड्रॉपरनं पाजत होती." आणि पदर डोळ्याला लावला. माझा तिच्यावरही राग आहे, पण तिचं वय झालंय आणि ती त्या पोरीवर जीव टाकते. तुझं वय झालेलं नाही.

इथवर कुणाची चूक म्हणायची तर कुणाचीच नाही, किंवा सगळ्यांची. ते मी मान्य करते. पण तू ती सगळी उचलून एकटीच्या डोक्यावर ठेवलीस, आणि निघून गेलास.

तुझे भाऊजी गुणवंतराव म्हणतात, भावा-भावजयीच्या मधे तू पडू नकोस. मी त्यांना सांगितलं की जेवण झाकून ठेवलंय, वाढून घ्या.

ड्रॉपर कुठे आहे?

साधना


सिंदेवाही
३० सप्टेंबर

मिथुन,

आता विचारत नाही. सापडला.

आज बाबा आले होते. सांगितल्याशिवाय, एसटीनं, एकटे. तुला माहीत आहे ते तलाव सोडून कुठे जात नाहीत. मी चहा ठेवला. त्यांनी शर्टच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून ड्रॉपर काढला आणि माझ्या मशीनवर ठेवला. काच तीच, रेघा त्याच. फक्त वरचं रबर तपकिरी पडलेलं. माशांच्या लाल औषधाचा डाग आहे तो, मासेमारीच्या घरात जन्मलेय मी, मला दिसतो.

बाबा म्हणाले, "तलावावरच्या राखणीच्या खोपडीत होता. मत्स्यबीजाच्या डब्यात. मिथुननं आणला होता तवा. मले वाटलं, मासोळीचाच असन. तुह्या मायनं परवा सांगतलं तवा मी डबा उघडून पाह्यला."

पोळ्याच्या सुमारास मच्छीमार संस्थेनं बोटुकल्या आणल्या. पिशव्यांतली ती बोटाएवढी पिल्लं तलावात सोडायच्या आधी लाल औषधाच्या पाण्यातून काढायची. पाण्यात औषध जास्त पडलं तर पिल्लं उलटी होऊन तरंगतात, म्हणून थेंब मोजून टाकायचे. तुला मोजायला काही सापडेना. तू घरी आलास, पाळण्याजवळच्या बाटलीचा ड्रॉपर काढलास आणि घेऊन गेलास. परत आणायचं विसरलास, असं मी समजते. विसरतो माणूस. पण तुझ्या बायकोनं दुसऱ्या दिवशी सगळं घर उलटं केलं तेव्हा तू घरात होतास. मायनंच मला सांगितलं, तिनं खाटेखाली पाहिलं, पोतं झटकलं, चुलीतली राख चाळून पाहिली. तिला वाटलं, तिच्याच हातून गेला. तू बसून पाहत राहिलास. आठवलं असेलच तुला तेव्हा. खोपडी घरापासून हाकेवर आहे. उठून आणता आला असता.

का नाही आणलास? संस्थेच्या लोकांसमोर पोरीच्या औषधाचा ड्रॉपर माशांच्या औषधात घातला, हे कळेल म्हणून? बायको बोलेल म्हणून? की एवढ्याशा गोष्टीसाठी कोण उठतं, म्हणून? मला खरंच कळत नाही. आठवडाभर रोज सकाळी पाळीवर जाऊन पळसाचं पान तोडायचास. खोपडी त्याच पाळीवर आहे.

माशांना मोजून दिलंस. तुझं एक पिल्लू मेलं नाही, बाबा म्हणाले. पोरीला पान दिलंस.

आणि ती गुंगीत पडल्यावर मॅडमनी विचारलं तेव्हा तोंड वर करून म्हणालास, हिनं हरवला. मी हे लिहिताना माझी लेखणी कागदात रुततेय. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय, मिथुन. माय तलावावर जाळं ओढायची तेव्हा तू माझ्याजवळ असायचास. तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. त्या दिवशी वऱ्हांड्यात मी तुझ्या कानांकडे पाहायला हवं होतं.

बाबा चहा न पिता उठले. दारात म्हणाले, "संस्थेच्या बैठकीत मी सांगीन. पोराच्या नावानं सांगीन." मी म्हटलं, बाबा, तुम्ही कशाला. ते म्हणाले, "त्याची माय सांगन का?" रविवारी बैठक आहे.

मी उद्या मार्कंड्याला जाते.

साधना


मार्कंडा
२ ऑक्टोबर

हे आधीच्या पत्राला जोडून पाठवतेय, चैतू उशिरा निघणार आहे म्हणून.

मी ड्रॉपर डिंपलच्या हातात दिला. ती अंगणात पोरीला तेल लावत होती. हात पुसले, घेतला, उलटसुलट करून पाहिला, रबराचा डाग पाहिला. तीही मासेमारी करणाऱ्यांच्याच घरची, वैनगंगेच्या काठची. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "कुठी होता?"

मी सांगितलं. पानाचंही सांगितलं, दहा आणि वीसचं.

मला वाटलं रडेल, तुला शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी साथ दिली असती. तिनं बोटानं ड्रॉपरवरच्या रेघा मोजल्या. मग म्हणाली, "मंग मीनं बरोबरच मोजलं होतं."

मी म्हटलं, हो गं बाई, बरोबरच मोजलं होतंस.

ती पुन्हा म्हणाली, "आठच टाकले होते. मी मनात नाई, मोठ्यानं मोजत होती जी. मयुरीच्या बाबानंही आयकलं होतं." तेव्हा ती रडली. आणि मीही रडले, तुझ्यामुळे, ह्याचाही तुझ्यावर राग आहे.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली. मी मुद्दाम पुढे झाले नाही. तिनं नव्या बाटलीचा ड्रॉपर भरला आणि मोठ्यानं मोजलं, आठपर्यंत. सहाव्याला थोडी थांबली. आठवा पडला. मयुरीनं तोंड वाकडं केलं, कारण औषध कडू आहे, आणि डिंपलची माय हसली.

तुझ्याशिवाय झालं हे सगळं. कळव म्हणणार नाही, मीच कळवते.

साधना


सिंदेवाही
२४ ऑक्टोबर

मिथुन,

तुझं पाकीट मिळालं. चैतूनं अगदी सांभाळून आणलं, फुटेल म्हणून मांडीवर धरून. उघडलं तर आत एक ड्रॉपर. नवा कोरा, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि चिठ्ठी, तीन शब्दांची. "बाई, तिले दे."

बाबांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं हे तुला चैतूनं सांगितलं असणारच. संस्थेतला लच्छू हसला म्हणे मागे बसून, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, हसू नको, तुझ्याही घरी पान आहे. त्या दिवसापासून गावात चार घरी औषधाची बाटली आली की माणसं ड्रॉपर आधी शोधतात. तुझी लाज गेली ती अशी कामाला आली.

आणि तू काय केलंस? हैदराबादेतल्या कुठल्यातरी मेडिकलमध्ये जाऊन म्हणालास, एक ड्रॉपर द्या. त्यानं दिला. तुला वाटलं, ड्रॉपर नेला होता, ड्रॉपर परत केला, फिटलं.

मी तो माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा चमच्यात मोजला. ह्याचं तोंड फारच बारीक आहे. तीस थेंब झाले तेव्हा कुठे एकची रेघ भरली. बाटलीच्या ड्रॉपरचे वीस, मायच्या पानाचे दहा, तुझ्या ड्रॉपरचे तीस. पोरीचं वजन आता पाच किलो झालंय, तिला अर्धा एमएल लागतो, म्हणजे दहा थेंब. तुझ्या ड्रॉपरनं दहा दिले असते तर अर्ध्या एमएलच्या जागी एक तृतीयांशच गेलं असतं. पोरीला पुन्हा झटका आला असता, आणि तू तिथे बसून पुन्हा म्हणाला असतास की हिला मोजता येत नाही.

मी एवढी पत्रं लिहिली. पानाचा थेंब वेगळा, ड्रॉपरचा वेगळा, वीत वेगळी, सगळं लिहिलं. तू वाचलंस की नुसतं खिशात घातलंस? जी चूक नकळत झाली होती तीच तू आता मी सांगितल्यावरही केलीस, आणि वर ती भेट म्हणून पाठवतोस. मला तर हसू आलं, खरं सांगते, मशीनवर डोकं टेकून हसले. मग एवढा राग आला की सकाळपासून कुणाशी बोलले नाही. गुणवंतराव स्वतःच वाढून घेऊन जेवले.

मॅडमनी आता थेंबांची भानगडच बंद केली आहे. सिरिंजमध्ये रेघेपर्यंत ओढायचं आणि गालाच्या आतून सोडायचं. डिंपलच भरते. वजन वाढलं की नवा हिशेब तीच मांडते आणि मॅडमना दाखवते, मॅडम फक्त मान हलवतात. सप्टेंबरच्या त्या मंगळवारनंतर झटका नाही.

पण दवाखान्यातलं ते बोलणं अजून तसंच आहे. मॅडमना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मला पटतंय, पण त्या दिवशी वडिलांनी सांगितलेलं आहे की आईकडून जास्त गेलं. नवी सिस्टर आली की तिला कुणीतरी तेच सांगतं. वडील तू आहेस.

मी हे पाकीट आणि तुझी चिठ्ठी डिंपलला दाखवली. ती काय म्हणते ते मी माझ्या शब्दांत लिहिणार नाही, तिनं स्वतः खाली लिहिलं आहे. मी वाचलं आणि एक अक्षर बदललं नाही.

साधना


मयुरीचे बाबा,

पोरगी चांगली हाय. आता हसते.

तुमचा ड्रॉपर बाईच्या पाकिटात परत पाठवून राह्यली. मासोळीच्या कामी येईन.

तुमी आले तं पयले घरी येऊ नका, मार्कंड्यालेही नाई. पयले दवाखान्यात या. त्याच वऱ्हांड्यात उभे राहा अन् मॅडमले मोठ्यानं सांगा का ड्रॉपर कोणं नेला होता. जेवढ्या मोठ्यानं तवा बोलले होते तेवढ्या.

दर सोमवारी पोरीचं वजन राह्यते. आमी दहा वाजता तिथीच बसून राह्यतो.

डिंपल